एचआयव्ही प्रतिबंधाच्या चाचण्या : औषध ज्यांच्या अंगावर तपासलं, त्यांच्या पदरात काय पडतं?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी,

लेनाकापाविर या इंजेक्शनची बातमी आता बहुतेकांच्या वाचनात आली असेल. सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली घ्यायचं आणि एचआयव्हीची लागण टाळायची. २०२४च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीचे निकाल आले. इंजेक्शन घेणाऱ्या २१३४ मुलींपैकी एकीलाही लागण झाली नव्हती. सांगली जिल्ह्यात मी बरीच वर्षं आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, समुपदेशक होते. पॉझिटिव्ह रिपोर्ट समोर ठेवल्यावर बाई पहिल्यांदा रिपोर्टकडे बघत नाही, दाराकडे बघते, बाहेर कोण उभं आहे ते. ज्याने हे पाहिलंय त्याला हे शून्य किती मोठं आहे ते कळेल.

आता त्याच चाचणीतला दुसरा आकडा. तुलनेसाठी बाकीच्या मुलींना रोज घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या, दोन प्रकारच्या. त्या दोन गटांत मिळून ५५ जणींना लागण झाली. शून्याची बातमी जगभर झाली. या ५५ जणींबद्दल मराठीत एक ओळही माझ्या वाचनात आली नाही.

मला चाचणीवर आरोप करायचा नाही. प्रतिबंधाचं औषध तपासायची पद्धतच अशी आहे. आजारावरच्या औषधाच्या चाचणीत आजारी माणूस बरा होतो का ते बघतात. इथे धडधाकट माणसं घेतात आणि त्यांच्यातल्या किती जणांना लागण होते ते मोजतात. काहींना लागण झाल्याशिवाय उत्तर मिळतच नाही. दुसरीकडे नियम असा की प्रत्येकीला कंडोम द्यायचे, समुपदेशन करायचं, गुप्तरोगांवर उपचार करायचे. हे काम जितकं मनापासून होईल तितक्या लागणी कमी, आणि लागणी कमी झाल्या की चाचणी लांबते, माणसं जास्त लागतात, खर्च वाढतो. चाचणीतल्या समुपदेशकाचा पगार ज्या संस्थेकडून येतो, तिला निकाल लवकर हवा असतो. ही ओढाताण कागदावर कुठेच लिहिलेली नसते.

उद्या असा अभ्यास आपल्या भागात आला, मिरजेत किंवा साताऱ्यात, तर आपण काय विचारायचं? इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत, सांगलीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या ताया आहेत. लिहा.

तासगावकर

धागा चांगला आहे, पण मला एक काळजी वाटते. असेच प्रश्न विचारून २००४ साली कंबोडियात एक चाचणी बंद पडली. टेनोफोविरची गोळी रोज घेतली तर लागण टळते का, हे ९६० वेश्याव्यवसायातल्या बायकांवर बघायचं होतं. संघटनांनी विरोध केला आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी ती सुरू होण्याआधीच थांबवली. पुढच्या वर्षी कॅमेरूनची थांबली. नंतर काय सिद्ध झालं? गोळी चालते! २०१०च्या आयप्रेक्स चाचणीत दिसलं, २०११ मध्ये केनिया-युगांडातल्या जोडप्यांत तर अजून ठळकपणे दिसलं. मधल्या काळात किती लोकांना लागण झाली असेल? त्याचा जाब कोणाला विचारायचा? नैतिकतेच्या नावाखाली झालेला उशीरही माणसं मारतो, एवढंच म्हणायचं आहे.

संख्याशास्त्री

मूळचा कराडचा, पुण्यात चाचण्यांच्या आकडेवारीचं काम करतो.

तासगावकर, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळता येत नाही. पण कंबोडियातल्या बायका काय मागत होत्या ते बघा. गोळी नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं. चाचणीमुळे पुढे काही झालं तर दीर्घ मुदतीचा आरोग्य विमा द्या, ही त्यांची मागणी होती. ती देता आली असती तर कदाचित ती चाचणी झालीही असती. उशीर मागणीमुळे झाला की ती धुडकावल्यामुळे, हे बघणाऱ्यानं ठरवावं. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

आणि बायकांची भीती हवेतली नव्हती. नॉनॉक्सिनॉल-९ नावाचं जेल होतं. शुक्राणू मारण्यासाठी जुनं, ठाऊक असलेलं, दुकानात मिळणारं. ते एचआयव्हीलाही अडवेल म्हणून आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये धंद्यातल्या बायकांवर तपासलं. २००० साली डर्बनच्या परिषदेत निकाल आला : जेल वारंवार वापरणाऱ्यांत लागण उलट जास्त. योनीच्या नाजूक त्वचेला त्याने इजा होत होती.

दुसरं उदाहरण आपल्या अगदी शेजारचं आहे. सेल्युलोज सल्फेट नावाच्या जेलची चाचणी दक्षिण आफ्रिका, युगांडा, बेनिन आणि भारतात चालू होती. भारतातली दोन ठिकाणं म्हणजे चेन्नई आणि बागलकोट. हो, विजापूरच्या खालचं बागलकोट. जानेवारी २००७ मध्ये ती मध्येच थांबवली, कारण अंतरिम आकड्यांत जेल घेणाऱ्यांकडे लागणी जास्त दिसल्या. शेवटचा हिशेब झाला तेव्हा सगळी ठिकाणं मिळून सुमारे १४०० बायकांत जेलकडे २५ आणि बिनऔषधाच्या जेलकडे १६. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, त्यामुळे जेलनेच लागण वाढवली असं ठामपणे म्हणता येत नाही. पण थांबवली हे बरोबर केलं. त्यासाठी एक स्वतंत्र समिती असते, कोणाला काय दिलंय ते फक्त तिलाच दिसतं. कंपनीला नाही, डॉक्टरला नाही. चाचणीत भाग घेणाऱ्याचा खरा पहारेकरी ती समिती. आपल्याकडच्या संमतीपत्रकांत तिचा उल्लेख एका ओळीत उरकलेला असतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

अक्काताई_सांगली

मुलगीकडनं टाईप करून घेतीय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी धंद्यातल्याच बायकांत काम करती, पियर म्हणून, म्हंजे त्यांच्यातलीच एक होऊन. बागलकोटाचं वर लिवलंय त्यावर बोलायचं हाय. आमच्यातल्या बऱ्याच बायका त्या मुलखातल्या. बागलकोट, जमखंडी, अथणी, मिरज, सांगली अशा फिरत असतात. यल्लम्माच्या जत्रंला जातात, पावसाळ्यात गावाकडं जातात, परत येतात. तिकडं अभ्यास सुरू झाला आणि बाई मधीच सांगलीला आली तर तिला औषध कोण देणार आणि तपासणी कोण करणार? अशी बाई "सोडून गेली" म्हणून कागदावर लिवतात म्हणं. ती सोडून गेलेली नसती, पोटासाठी गेलेली असती.

दुसरं सहीचं. रक्त घ्यायला, सर्व्हे करायला माणसं कुठनं कुठनं येतात. येतात ती सकाळी दहाला. आमच्या बायका तवा नुकत्या झोपलेल्या असतात. उठवून बसवायचं, शेजारी घरवाली, म्हंजे कोठ्याची मालकीण, उभी, आणि इचारायचं "तुमची मर्जी आहे ना?" तिच्यासमोर कोण न्हाई म्हणणार? उद्या त्याच घरात राहायचं असतंय. सही झाली की मर्जी झाली, असं धरतात.

तिसरं म्हंजे परत येऊन सांगत न्हाईत. रक्त नेलं, पुढं त्याचं काय झालं, आमच्याबद्दल काय लिवलं, काय कळत न्हाई. एकदा मी इचारलं तर म्हणाले इंग्लिशमदी छापलंय. असंल. आमाला तोंडानं सांगा की.

गुलमोहर_विश्रामबाग

अक्काताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं.

मी बँकेतून निवृत्त झालो आणि सध्या एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीत सामान्य नागरिक म्हणून बसतो. नियमाप्रमाणे समितीत निदान सात जण लागतात आणि निम्मे त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. डॉक्टर, वकील, समाजकार्यातलं कोणी, आणि माझ्यासारखा ज्याला वैद्यकातलं काही कळत नाही असा एक. एचआयव्हीचा अभ्यास आमच्यापुढे अजून आलेला नाही, पण पद्धत तीच असते म्हणून सांगतो.

मधुमेहाच्या एका औषधाचा प्रस्ताव होता. संमतीपत्रक मराठीत, जाडजूड. "काही त्रास झाल्यास चोवीस तास संपर्क साधा" असं लिहून खाली नंबर. मी तो संध्याकाळी सातला घरून लावला. वाजत राहिला. रात्री पुन्हा लावला, तेच. पुढच्या बैठकीत सांगितलं तेव्हा जरा गडबड झाली आणि नंबर बदलून आणला गेला. पण त्या बैठकीत औषधाच्या मात्रेवर तासभर चर्चा झाली होती आणि नंबराकडे कोणी बघितलंच नव्हतं. खेड्यातल्या माणसाला रात्री घेरी आली तर त्याच्या हातात त्या जाड कागदातली तेवढी एकच ओळ उपयोगाची असते.

भत्त्याचं पण असंच. येण्याजाण्याचं भाडं देतात. जास्त दिलं तर लालूच होईल म्हणून हात आखडतात, हे मला समजतं. पण ज्या बाईचा दिवस बुडतो तिला एसटीचं तिकीट देऊन आपण लालूच टाळली असं म्हणणं कितपत प्रामाणिक आहे?

कोर्टकचेरी_सातारा

कायद्याची बाजू थोडक्यात, कारण गैरसमज बरेच आहेत.

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७चा, अंमल १० सप्टेंबर २०१८पासून. माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी, उपचार किंवा संशोधन करता येत नाही, आणि एखाद्याची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीवाचून उघड करायलाही मनाई. चाचण्यांचे नियम १९ मार्च २०१९चे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. प्रत्येक चाचणी सुरू होण्याआधी सरकारी नोंदणीवर चढवावी लागते, ती कोणालाही घरबसल्या बघता येते. २००९पासून हे सक्तीचं आहे.

एक बारकावा मला आवडतो. दुर्बल गटातल्या लोकांवर नव्या रेणूची, म्हणजे अगदी नव्या औषधाची, चाचणी असेल तर संमतीचं चित्रीकरण करावं लागतं. हेतू चांगला : अंगठा घेतला की समजावून सांगितलं, हे नंतर तपासता यावं. पण धंद्यातल्या बाईचा चेहरा कॅमेऱ्यात जाणं हाच तिला धोका. म्हणून एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज नोंदवायची मुभा आहे. कोणीतरी, कुठेतरी, त्या बाईच्या जागी उभं राहून विचार केला म्हणून ही ओळ आली.

आता खरी अडचण. भरपाईच्या नियमात औषधाचा दुष्परिणाम आहे, "उपचाराचा अपेक्षित परिणाम न होणं" हेही काही अटींसह आहे. पण प्रतिबंधक औषध चाललं नाही आणि लागण झाली, तर ती "इजा" का? कंपनी म्हणणार, लागण संबंधातून झाली, आमच्या औषधातून नाही. बाई म्हणणार, औषध घेतेय म्हणून मी निर्धास्त राहिले. सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा नेहमीचा औषधोपचार, मोफत आहे, २००४पासून, त्यामुळे "पुढचे उपचार उपलब्ध आहेत" एवढं लिहून चाचणीवाले मोकळे होतात. म्हणजे खाजगी चाचणीतून आलेला आयुष्यभराचा खर्च सरकारी सिव्हिलच्या खात्यावर. माझं स्पष्ट मत : असा अभ्यास आला तर त्या काळात झालेल्या प्रत्येक लागणीच्या आजन्म उपचाराची जबाबदारी प्रायोजकाने करारात लिहून द्यावी, कारण कोणतंही असो.

संमती कोणाकडून घेतली याचा आपल्या देशातला धडा म्हणजे २००९-१०चा एचपीव्ही लशीचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस) प्रकल्प, खम्मम आणि वडोदऱ्यातला. आश्रमशाळांतल्या मुलींच्या बाबतीत सह्या वसतिगृहाच्या वॉर्डननी केल्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. अक्काताई घरवालीचं सांगतायत ते याच जातीचं आहे.

वारणाकाठ

वकीलसाहेब, "कारण कोणतंही असो" हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. पुण्याचं उदाहरण देते. एक जोडीदार पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह, अशा १७६३ जोडप्यांचा नऊ देशांतला अभ्यास होता, एचपीटीएन ०५२. पुणे आणि चेन्नई त्यात होते. निम्म्या पॉझिटिव्ह लोकांना औषध लगेच सुरू केलं, निम्म्यांना प्रतिकारशक्ती खालावल्यावर. तेव्हा सगळीकडे रीतच तशी होती, त्यामुळे कोणाला हक्काचं औषध नाकारलं असं म्हणता येत नाही. २०११च्या मे महिन्यात निकाल आला. जोडीदाराकडूनच आलेल्या लागणी लवकर औषध घेणाऱ्यांत १, उशिरा घेणाऱ्यांत २७. औषध वेळेवर घेतलं तर जोडीदार सुरक्षित राहतो, हे मी पुढे शेकडो नवराबायकोंना सांगितलं, आणि ऐकताना त्यांचे खांदे सैल होताना पाहिले. ते ज्ञान या २७ जणांच्या लागणीतून आलंय. त्यांचं आपण काहीतरी देणं लागतो, असं मला खरंच वाटतं.

तासगावकर

हे पटलं. आजन्म उपचाराची अट रास्त आहे. पण बिनऔषधाच्या गटाचं काय? तो नको म्हटलं तर चाचणीच होणार नाही ना?

संख्याशास्त्री

होते. आणि हेच या विषयातलं सगळ्यात जुनं भांडण आहे.

१९९४ मध्ये सिद्ध झालं की गरोदरपणात एझेडटी हे एचआयव्हीवरचं औषध दिलं तर आईकडून बाळाला होणारी लागण दोनतृतीयांशाने घटते. श्रीमंत देशांत ते लगेच सुरू झालं. मग थायलंड, आफ्रिकेत स्वस्त, कमी दिवसांचा डोस चालतो का ते बघायला चाचण्या निघाल्या, आणि त्यांत अर्ध्या गरोदर बायकांना औषधच नाही. समर्थन असं की तिथे तसंही काही मिळत नव्हतं, मग त्यांचं काय बिघडवलं? १९९७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये लुरी आणि वुल्फ यांनी यावर सडकून टीका केली. संपादक मार्सिया एंजल यांनी टस्किगीची आठवण दिली, जिथे १९३२ ते १९७२ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचार न करता नुसता बघत ठेवला होता. उलट बाजूचे लोकही प्रामाणिक होते. त्यांना लवकर, स्वच्छ उत्तर हवं होतं, आणि १९९८च्या सुरुवातीला थायलंडमधून ते मिळालंही, लागण निम्म्यावर. माझ्या मते तरीही "तिथे तसंही काही मिळत नाही" हा युक्तिवाद गरिबीचाच परवाना करतो.

लेनाकापाविरच्या चाचणीत बिनऔषधाचा गट नव्हताच. चाचणीच्या दाराशी आलेल्या सगळ्या मुलींची आधी तपासणी केली, त्यातून नव्या लागणीचा वेग काढला आणि त्याच्याशी तुलना केली. गणित जास्त किचकट, पण प्रत्येकीला कुठलं ना कुठलं खरं औषध मिळालं. गरोदर मुलींनाही वगळलं नाही. म्हणजे मार्ग निघतात, डोकं लावावं लागतं.

अजून एक, अक्काताईंना विचारायचं आहे. व्हॉइस नावाची प्रतिबंधक गोळ्या आणि जेलची चाचणी होती, आफ्रिकेत, पाच हजारांवर बायका. २०१३ मध्ये निकाल आला की काहीच चाललं नाही. बायका सांगत होत्या दहातल्या नऊ वेळा औषध घेतो, उरलेल्या गोळ्यांची मोजणीही तेच म्हणत होती. रक्त तपासलं तर तीस टक्के किंवा त्याहून कमीच नमुन्यांत औषध सापडलं. का घेतलं नसेल?

अक्काताई_सांगली

ह्यात नवल काय? गोळीचा डबा घरात दिसला की माणूस इचारतो कसली गोळी. एड्सची गोळी म्हणला की झालं, गिऱ्हाईक बी जातंय आणि मालक बी हात उचलतोय. डबा वाजतो, म्हणून बायका गोळ्या काढून चिंधीत बांधून ठेवतात. आमच्या एआरटीवाल्या बायका हेच करतात.

आणि घेतली न्हाई असं सांगायचं कुणाला? सांगितलं की ताई रागावती, नाव काढून टाकलं तर तपासणी बंद, डॉक्टर बंद. बऱ्याच बायकांना तिथं जी डॉक्टरीण नीट बोलती तीच मोठी गोष्ट असती. तेवढ्यापायी बाई हो म्हणत ऱ्हाती. न घेतल्याचं सांगितलं तरी चालतंय, कोण हाकलणार न्हाई, हे पयल्या दिवशी बोललं पायजे आणि तसं वागलं पायजे.

नदीपलीकडे

अक्काताईंच्या प्रतिसादाला +१. हे दहा प्रबंधांत सापडणार नाही.

लशीच्या चाचण्यांबद्दल एक भर घालते. पुण्यात २००५ मध्ये एचआयव्ही लशीची पहिली छोटी चाचणी झाली, ३० निरोगी स्वयंसेवकांवर. अशा लशीने एचआयव्ही होत नाही, पण शरीरात प्रतिपिंडं तयार झाली तर नेहमीची तपासणी पॉझिटिव्ह दाखवू शकते. लग्नाआधी, परदेशी जाताना, रक्तदानाच्या वेळी अशा माणसाने काय करायचं? त्याला खरं सांगणारी दुसरी तपासणी कायम मोफत मिळायला हवी, चाचणी संपल्यावरही.

कोर्टकचेरी_सातारा

"चाचणी संपल्यावरही" यावरून आठवलं. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एका आदेशाने गोठवली तेव्हा चालू चाचण्या मध्येच बंद झाल्या. दक्षिण आफ्रिकेत काही बायकांच्या योनीत चाचणीसाठी बसवलेली रिंग होती आणि केंद्राला काम थांबवायला सांगितलेलं. सगळी संमतीपत्रकं, समित्या, नियम जागच्या जागी असताना हे झालं. चाचणीत भाग घेणाऱ्याला सुरक्षितपणे बाहेर काढण्याइतका पैसा आधीच बाजूला ठेवलेला असावा, ही अट मी आता कोणत्याही करारात घालीन.

वारणाकाठ

आणि औषध यशस्वी झालं तर? अमेरिकेत लेनाकापाविरची छापील किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर. ते बनवणाऱ्या गिलियड कंपनीने सहा कंपन्यांना १२० देशांसाठी स्वस्त औषध बनवायचा परवाना दिलाय, त्यात पुण्याची एमक्युअर आहे, आणि २०२७पासून ते वर्षाला ४० डॉलरच्या आसपास मिळेल असं जाहीर झालंय. आपला देश त्या यादीत आहे, याचा आनंद आहे. पण ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको, पेरू यादीत नाहीत, आणि या औषधाची दुसरी मोठी चाचणी यांच्याही माणसांवर झाली होती. चाचणीत होते त्यांना पुढे औषध मिळेल, त्यांच्या शेजारणीला नाही. हे मला पटत नाही आणि पटवून घ्यायचंही नाही.

सांगलीची गोष्ट वेगळी होऊ शकते, कारण इथे बायका संघटित आहेत. संग्राम या संस्थेने १९९२पासून कंडोमवाटप बायकांच्याच हाती दिलं, त्यातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. कोलकात्यात सोनागाचीत आणि म्हैसूरला प्रतिबंधक गोळीचा प्रकल्प बायकांच्या संघटनांनीच राबवला आणि दोन्हीकडे नवी लागण झाली नाही. आराखडा तयार झाल्यावर सहीसाठी त्यांच्याकडे जायचं, यात अर्थ नाही. आराखडा लिहितानाच त्या समोर हव्यात.

गुलमोहर_विश्रामबाग

मी एक करू शकतो. आमच्या समितीत पुढच्या बैठकीला ठराव मांडतो की धंद्यातल्या बायका, ट्रकवाले, तृतीयपंथी यांच्यावरचा कोणताही अभ्यास त्या गटातल्या निदान दोघांना बैठकीला बोलावून, त्यांचं ऐकूनच मंजूर करायचा. नियमात समितीला बाहेरचे जाणकार बोलावता येतात. अक्काताई, तुम्ही याल का?

अक्काताई_सांगली

येती की. पण बैठक दुपारी दोन ते चार ठेवा, आमाला तीच वेळ जमती. मी एकटी येणार न्हाई, संगं अजून एक बाई असंल, तिला कानडीच येतंय, तवा कानडी बोलणारं माणूस बगून ठेवा. कागद आधी आठ दिवस पाठवा, आमी चौघी मिळून मुलगीकडनं वाचून घेऊ. आणि आमचं जे म्हणणं असंल ते मिनिटबुकात आमच्याच बोलीत लिवा, सुधरून न्हाई.